पंधरा वर्षांनंतरचं पाणी

ऐत उसार, तामद्याकाठून
१० ऑक्टोबर १९९९

प्रिय बेन्नासर,

सलाम. तुला, सूनबाईला आणि पोराबाळांना. माझं मागचं पत्र पोचलं की नाही ते तू कळवलंच नाहीस. बसचा ड्रायव्हर म्हणतो, दिलं. पण तो सगळ्यांनाच दिलं म्हणतो. हे पत्र मिळालं तर आधी तेवढंच लिही की मिळालं. बाकीचं मग.

माझा गुडघा पुन्हा धरला आहे. इत्तोची दाढ हलते पण ती काढू देत नाही. ते असो. काम वेगळंच आहे.

मागच्या आठवड्यात जीपमधून तीन माणसं आली आणि त्यांनी काठावर लाल-पांढऱ्या काठ्या रोवल्या. मी विचारलं, मासे मोजताय का? त्यातला तरुण हसला. म्हणाला, "बाबा, हे तळं शहरांना प्यायच्या पाण्यासाठी घ्यायचंय."

मी म्हटलं, "कधी?"

"पाणी पंधरा वर्षांनी लागेल. ताबा मात्र आत्ताच घ्यायचाय."

तेव्हापासून माझ्या घशाखाली भाकरी उतरत नाही. पंधरा वर्षांनंतरची तहान आज कुणाला लागते? इत्तो म्हणते, तू उगाच काळजी करतोस, मोजून गेले, मोजलं म्हणून पाणी कमी होतं का. पण तुला ठाऊक आहे, तू इथेच वाढलास, आपल्या आया सख्ख्या बहिणी. उन्हाळ्यात वरचे झरे आटतात. आपलं तळं, हा तामदा गेला तर मेंढरांना पाणी नाही, आणि मेंढरं गेली तर ऐत उसार नाही. नुसते दगड आणि आम्ही म्हातारे.

त्यात जमातीचा नायब मी. जमातीच्या जमिनीच्या कागदावर माझीच सही चालते. ही नायबकी मला का मिळाली तेही तुला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणालाच ती नको होती. तू जन्मभर शाळेत शिपाई होतास, साहेबलोक काय बोलतात आणि त्यातलं काय खरं असतं ते तुला कळतं. विचारून कळव.

तुझा दादा
हद्दू

शहर, २४ ऑक्टोबर १९९९

दादा,

पत्र मिळालं. (आधी तेवढंच लिहिलं, आता बाकीचं.)

मी कचेरीत जाऊन फलक वाचून आलो. इकडच्या पाच गावांच्या नगरपालिकांनी मिळून एक पाणी-संघ काढला आहे. तुमचा तामदा आणि भोवतालची चराई त्यांना "भावी पुरवठ्यासाठी" हवी आहे. संघाचा अध्यक्ष सी मफद्दल, तेलघाणीवाला. गोड बोलतो. त्याच्या तेलाइतकाच गोड, आणि तेवढाच पातळ.

कुणाची हरकत असेल तर ती डिसेंबरअखेर लेखी द्यायची आहे. जमातीच्या वतीने फक्त नायबाची सही चालेल. म्हणजे तुझी. त्यानंतर दिलेली हरकत घेत नाहीत. कचेरीबाहेर एक लिहिणारा बसतो, त्याच्याकडून मी मजकूर करून घेतो. तू फक्त ये आणि सही कर.

इकडे नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे. सूनबाई झहूर कॅन घेऊन रांगेत असते. परवा शेजारणीने हिचा कॅन सरकवला, तर ही म्हणाली, "हात लावशील तर पाण्याऐवजी तुलाच भरून नेईन." लोक संघावर खूश आहेत. मी तुला हे उगाच लिहिलं, पण इकडची हवा तुला माहीत असावी.

इत्तोवहिनीला म्हण, दाढ काढून घे.

बेन्नासर

ऐत उसार
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय बेन्नासर,

हरकतीची गोष्ट आणि नळाची गोष्ट तू एकाच पत्रात लिहिलीस. मी ते पत्र दोनदा वाचलं. झहूरला माझा राग नाही. तिलाही पाणी पाहिजे. पण तुझं मन कुठल्या रांगेत उभं आहे ते मला नीट कळलं नाही. असो, मी म्हातारा, मला संशय फार येतात.

जमात जमली. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. बस्सू म्हणाला, "आपला कागद खाली गेला की खालीच राहतो. हद्दू, तू आजवर किती अर्ज पाठवलेस? शाळेचा पाठवलास, रस्त्याचा पाठवलास. रस्ता आला का? जीप मात्र आली."

तो खोटं बोलत नव्हता.

मग विधवा तूदा उठली. तुला आठवत असेल, तिची जीभ कात्रीसारखी. म्हणाली, "तुम्ही पुरुष चहाचे पेले धुवत बसा. माझा काळा खोंड घ्या आणि त्या माणसाच्या दारात आर घाला. बापजाद्यांनी तेच केलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. तुझ्या नातवंडांना आर म्हणजे काय ते ठाऊक नसेल, त्यांना सांग. ज्याच्याकडे मागायचं त्याच्या उंबऱ्यावर जनावर कापायचं आणि मागणं बोलायचं. रक्त सांडलं की तो बांधला गेला. त्यातलं मांस त्याने खाल्लं तर मग सुटकाच नाही. शब्द मोडला तर त्याच्या घरादाराला लागतं. दोन खुनांचं वैर माझ्या बापाने असंच मिटवलं होतं, एका बोकडावर.

म्हणून हरकतीचा कागद आत्ता करू नकोस. आर घातलेल्या माणसाविरुद्ध कचेरीत गेलं की आर सुटतो. एका हाताने गाठ मारायची आणि दुसऱ्याने सोडायची, असं होतं ते. तू फक्त त्याचं घर दाखव.

हद्दू

शहर, २२ नोव्हेंबर १९९९

दादा,

घर जुन्या तेलघाणीच्या मागे आहे, हिरवं फाटक. शुक्रवारी दुपारी तो घरी असतो, पाहुणे जेवायला असतात.

माझं ऐक. आधी हरकत दाखल कर, मग आर घाल. निदान दोन्ही कर. कापलेल्या खोंडाची पोच कचेरीत मिळत नाही.

मी कोपऱ्यावर उभा राहीन. फाटकाशी येणार नाही. माझा मुलगा नगरपालिकेत रोजंदारीवर आहे, अजून कायम झालेला नाही. तू समजून घेशील.

बेन्नासर

ऐत उसार
५ डिसेंबर १९९९

प्रिय बेन्नासर,

झालं. अल्लाची कृपा. आज कित्येक दिवसांनी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तू कोपऱ्यावर होतास ते मी पाहिलं. फार लांब होतास, तुला सगळं दिसलं नसेल म्हणून लिहितो. खोंड टेम्पोतून उतरेना. बस्सू त्याचं शेपूट पिळत होता आणि म्हणत होता, "अरे, तुला अध्यक्षाकडे जेवायला बोलावलंय." सुरी मीच फिरवली. रक्त उंबऱ्यावरच पडलं, बाहेर नाही. सी मफद्दल धावत बाहेर आला. आधी त्याचा चेहरा पांढरा पडला. मी मोठ्याने म्हटलं, "सी मफद्दल, आम्ही ऐत उसारचे. हा आर तुझ्यावर आणि तुझ्या मुलांवर. आमचा तामदा आम्हाला सोड." मग त्याने मला मिठी मारली, माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं. कुणीतरी फोटो काढला. त्याने आचाऱ्याला बोलावलं. आम्हाला आत बसा म्हणाला, पण आर घालणाऱ्याने त्यातलं खायचं नसतं, आम्ही बाहेरच उभे राहिलो. आणि बेन्नासर, मी फाटकातून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काळजाचा भाजलेला तुकडा त्याने ब्रेडमध्ये धरून खाल्ला. पाहुण्यांनीही खाल्ला.

कालच्या बाजारी त्याने आमच्यासाठी साखरेचे सुळके आणि चहा पाठवला. घरटी एक. आर मानला नसता तर पाठवला असता का? तूदा खोंडासाठी एकटीच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चला, माझा काळ्या तरी पुरुषांपेक्षा कामाला आला."

हिवाळा आता जड वाटत नाही. इत्तोने दाढ काढली.

हद्दू

शहर, १९ डिसेंबर १९९९

दादा,

हे पत्र घाईत लिहितो आहे. ड्रायव्हरला सांगितलं आहे की तुझ्या हातातच द्यायचं.

इथल्या पेपरात तो फोटो आला आहे. तू, तो आणि मागे बस्सू. खाली छापलंय: "तळ्याकाठच्या गावकऱ्यांकडून पाणी-संघाला भेट. जमातीचा योजनेला पाठिंबा." नुसतं कात्रण पाठवलं असतं तर तू म्हणाला असतास, पेपरवाले काहीही छापतात. म्हणून मी तेलघाणीवर गेलो, तेल घ्यायच्या निमित्ताने. तो स्वतःच गल्ल्यावर होता. मी म्हटलं, "डोंगरातल्या लोकांनी आर घातला म्हणे." तो हसला. म्हणाला, "आर कसला? भोळी माणसं, खोंड घेऊन आली, मी साखर पाठवली. फिट्टंफाट."

दादा, त्याला आर कळत नाही असं समजू नकोस. त्याची आजी आपल्याच डोंगरातली. त्याला पक्कं कळलं आहे. त्याने फक्त ठरवलं आहे की कळलं नाही.

सोबत हरकतीचा कागद तयार करून पाठवला आहे. खाली सही कर आणि याच बसने परत पाठव. वर्ष संपायच्या आत मी स्वतः कचेरीत देईन. मुलाच्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

बेन्नासर

ऐत उसार
२६ डिसेंबर १९९९

बेन्नासर,

कागद सहीशिवाय परत पाठवतो आहे.

तू मला काय करायला सांगतोस ते तुला कळतं का? त्याने आमचं मांस खाल्लं. मी पाहिलं. तेलघाणीवर गिऱ्हाइकाशी माणूस काहीही बोलतो, आर पोटात असतो. आज मी सही केली तर तो उद्या म्हणेल, बघा, यांनीच गाठ सोडली. आणि ते खरंच असेल. मग अल्लासमोर मी काय तोंड दाखवू, आणि तूदासमोर काय? सगळ्या जमातीचा शब्द माझ्या एका सहीने मोडायचा?

बस्सूला मी तुझं पत्र दाखवलं नाही. कुणालाच दाखवलं नाही. लोक शांत आहेत, त्यांना शांत राहू दे.

तू फार वर्षं शहरात राहिलास. नळाचं पाणी पिऊन माणसाची जीभ बदलते असं आई म्हणायची. तुझी नाही बदलली असं मी समजत होतो.

हद्दू

शहर, ३० डिसेंबर १९९९

दादा,

रागाव, पण सही कर. अजून उद्याचा दिवस आहे. ड्रायव्हर रात्री तिथे मुक्काम करतो, सकाळी परत निघतो. दुसरा कागद सोबत आहे.

बेन्नासर

ऐत उसार
३ जून २०००

प्रिय बेन्नासर,

पाच महिने तुला लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस. त्यात चूक माझी.

कुंपण झालं. एप्रिलमध्ये खांब आले, मेमध्ये तार. फाटकाला कुलूप आहे आणि वर पाटी, "भावी पिण्याच्या पाण्याचा साठा. जनावरांना मनाई." आत कुणी नाही. पंप नाही, पाइप नाही, एक माणूसही पाणी नेत नाही. नुसतं पाणी आहे आणि बाहेर मेंढरं. ती तारेला नाक लावून उभी राहतात. वास येतो त्यांना. हाकललं तरी हलत नाहीत. तो आवाज, बेन्नासर. तू इथे वाढलास, तहानलेल्या मेंढीचा आवाज तुला ठाऊक आहे.

मी सी मफद्दलकडे गेलो होतो. त्याने मला ओळखलं. खुर्ची दिली, चहा दिला. मी म्हटलं, "आमचा आर तुझ्यावर आहे." तो म्हणाला, "बाबा, तुमचा खोंड फार छान होता. पण हा काही माझा एकट्याचा निर्णय नाही, पाच गावांचा आहे. तुम्ही तेव्हा हरकत का नाही घेतलीत? मी वाट बघत होतो."

असं म्हणाला तो. मी वाट बघत होतो.

चहा त्याच्याकडचा प्यायलो, तेवढंच परतीच्या बसमध्ये आठवत राहिलं.

इथे सगळ्यांना कळलं आहे. बसच्या ड्रायव्हरने सांगितलं की त्या वेळी तू दोनदा कागद पाठवला होतास आणि मी दोन्ही वेळा सही केली नाही. त्याने आपल्या बाजूने भलंच केलं, खरं ते सांगितलं. बस्सू माझ्या दारासमोरून जाताना दुसरीकडे बघतो. तूदा मात्र आली. मी वाटच बघत होतो तिच्या शिव्यांची. ती नुसती भिंतीला टेकून बसली आणि उठून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हद्दू

शहर, १८ जून २०००

दादा,

तू इकडे ये. वहिनीला घेऊन ये. माझी माडीवरची खोली रिकामी आहे. गुडघ्याला डॉक्टर दाखवू.

तुझ्या जागी मी असतो तर मी तरी काय केलं असतं, हे मी रोज स्वतःला विचारतो. मी तर कोपऱ्यावरून पुढेही आलो नाही.

ये. उत्तर नको लिहूस, सरळ ये.

बेन्नासर

शहर, ९ ऑक्टोबर २०००

दादा,

तू आला नाहीस आणि लिहिलंही नाहीस. ड्रायव्हर म्हणतो, तू रस्त्यावर दिसतोस, पण बस थांबवत नाहीस. बरा आहेस ना? एक ओळ लिही.

बेन्नासर

ऐत उसार
११ मार्च २००१

प्रिय बेन्नासर,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. आधी तेवढंच लिहितो.

मेंढरं गेली. सगळ्यांची. व्यापारी ट्रक घेऊन वर आला आणि म्हणाला, तहानलेल्या जनावराला भाव कसला. बस्सू कुटुंबासकट खाली सपाटीवर गेला, टोमॅटोच्या शेतावर. जाताना मला भेटला नाही. तूदाला तिच्या भावाने नेलं. माझा जावई मोहा इथेच आहे, त्याला पाणी-संघाने तामद्यावर रखवालदार नेमलं. गणवेश आहे. मुलगी लाजते, पण पोरांना दोन वेळ मिळतं. मी त्याला काही बोलत नाही. बोलायला माझ्याकडे तोंड नाही.

इत्तो माझ्याशी बोलते, पण फक्त कामाचं. भाकरी घे. दार लाव. इतकी वर्षं मी बडबड करायचो आणि ती गप्प बस म्हणायची. आता कुणीच गप्प बस म्हणत नाही.

पाऊस नाही. तामदा आटतो आहे. कुंपण आहे तिथेच आहे, पाणी त्याच्यापासून लांब गेलं. मध्ये चिखलाच्या भेगा.

मला आता लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. तो हरकतीचा कागद. दुसरा. तो माझ्याकडे आहे, मी सही केली आहे, सोबत पाठवतो. उशीर झाला हे मला कळतं. आर वगैरे आता काही उरलं नाही, म्हणून गाठ सुटायची भीतीही नाही. कचेरीत देऊन बघ. नुसतं देऊन बघ. माझ्या नावावर एवढं तरी असू दे की मी सही केली.

हद्दू

शहर, २० मे २००१

दादा,

मी कागद दिला. पहिल्यांदा त्यांनी घेतलाच नाही. मी रोज जाऊन बाकावर बसू लागलो. शिपायाला शिपायाची दया आली, त्याने आत नेला. आज साहेबाने मला बोलावलं. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, माझ्या मनाचं काही घालत नाही.

म्हणाला, "मुदत गेली हे तर आहेच. पण मुदत असती तरी उपयोग नव्हता. हरकत घ्यायचा हक्क तळ्याचा वापर करणाऱ्याला असतो. आमच्या अहवालाप्रमाणे आज ते तळं कुणीच वापरत नाही. जनावरं नाहीत, शेती नाही."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कुंपण घातलंत म्हणून वापरत नाहीत."

तो म्हणाला, "कारण कुठलंही असो, वापर नाही ना?"

मी उठून आलो. आणि एक गोष्ट तुला सांगायला हवी. आमच्या नळाला आता चौथ्या दिवशी पाणी येतं. तुमचं काही आम्हाला मिळालं नाही. झहूर रांगेतल्या बायकांना म्हणाली, "डोंगरातल्यांचं पाणी घेतलं म्हणे. कुठे ठेवलंय, कुणाला दिसलं का?" एक म्हणाली, "पंधरा वर्षांनी दिसेल, तोवर कॅन सरळ धर."

इकडे ये. मी विनवतो.

बेन्नासर

ऐत उसार
१७ जून २००१

प्रिय बेन्नासर,

तुझं पत्र मिळालं. साहेबाचं म्हणणं मी इत्तोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ चूल पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यांना वापरणारा पाहिजे का?"

गेल्या आठवड्यापासून मी रोज दुपारी तारेखालून आत जातो. गुडघ्यामुळे पोटावर सरपटावं लागतं. इत्तो तार वर धरते. चिखलातून पाण्यापर्यंत जायला वेळ लागतो, पाय रुततात. तिथे बसून मी ओंजळीने पाणी पितो. एक बाटली भरून घरी आणतो, तिचं आम्ही दोघं रात्री पितो. पाणी चांगलं नाही. हिरवं आहे, वास येतो, काल पोट बिघडलं होतं. तरी आज गेलो.

मोहा पहिल्या दिवशी धावत आला. मला बघून थांबला. म्हणाला, "बाबा, मला तुमचं नाव लिहावं लागेल." मी म्हटलं, "लिही. त्यासाठीच आलोय." त्याला कळलं नाही. त्याने लिहिलं नाही. आता मी आत गेलो की तो पाठ फिरवून सिगारेट ओढतो. त्याने माझ्यावर उपकार होतो असं त्याला वाटतं. तू त्याला पत्र लिहून समजाव की माझं नाव लिहायला पाहिजे.

मी येणार नाही. मी आलो तर साहेबाचं म्हणणं पुरतं खरं होईल.

तू पुन्हा कचेरीत जा. सांग की ऐत उसारला तळ्याचा वापर करणारा एक माणूस आहे. रोज वापरतो. नाव सांग, बापाचं नाव सांग, जमात सांग. वय मात्र सांगू नकोस. वय कळलं तर ते काहीच करणार नाहीत, नुसते वाट बघत बसतील.

तुझा
हद्दू